मामाच्या वहीतला चौथा कॉलम

हो, हात मी लावला. ते मी मघाशी बाहेरच्या बाकावर सांगितलं आणि आताही सांगते, त्यात लपवायचं काही नाही. पण काका, "हात लावला" एवढं लिहून तुम्ही पेन खाली ठेवलंत ना, ते नका करू. का लावला, कधी लावला, आणि माझ्या आधी कोणाचा हात तिथे होता, हे सगळं त्याच पानावर आलं पाहिजे. नाहीतर मी सही करणार नाही.

माझं नाव तुम्ही वरच्या चौकटीत घेतलंच आहे. वय एकवीस. काम शिक्षण, मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. राहायला मामा-मामीकडे, पंपिंग स्टेशनच्या क्वार्टर्समध्ये, दुसरा मजला. पाचवीत असल्यापासून त्यांच्याकडेच आहे. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, म्हणून मराठी मी बोलते तशीच सांगणार. तुम्ही म्हणालात, शुद्ध करून घेतो. प्लीज नका करू. हॉस्पिटलने पण सगळं शुद्ध करूनच लिहिलंय, त्यामुळेच मी इथे बसलेय.

तर हवालदार काकांसमोर बसून, कोणी काही न पढवता, मी सांगते ते असं.

आज शनिवार. झालं ते बुधवारी, सकाळी अकरा चाळीसला. गुरुवारी हॉस्पिटलच्या मॅनेजरने तुमच्याकडे अर्ज दिला. त्यात लिहिलंय की पेशंटच्या मानेतली नळी सव्वाअकराला, पेशंटला खाटेवर आडवं ठेवून, नियमाप्रमाणे काढली. नंतर सोबतच्या तरुणीने मानेवरची पट्टी उचकटली, त्यामुळे पेशंट बिघडला. सोबतची तरुणी म्हणजे मी. पेशंट म्हणजे माझा मामा. आईचा सख्खा भाऊ, वय चौपन्न. चौपन्न म्हणजे फिफ्टी फोर ना? हो, मग बरोबर.

मामा पंपिंग स्टेशनवर हेड फिटर आहे. शहराच्या अर्ध्या भागाला जे पाणी चढतं ते त्याच्या हाताखालून जातं. तिथे त्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो चुकीचा पाना धरला तरी ओरडतो. या सोमवारच्या आधीच्या सोमवारी त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं. आतडं फुटलं होतं, उशीर झाला होता. हातातल्या शिरा सापडेनात म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत एक जाड नळी घातली आणि सगळी औषधं त्यातून दिली. नऊ दिवस ती नळी मानेत होती. तिने मामाला वाचवलं, हेही लिहा. मी हॉस्पिटलच्या विरोधात जन्माला आलेली नाही.

आता वहीबद्दल. ती समजली नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

स्टेशनवर एक पद्धत आहे. कुठलीही लाइन उघडायची तर पाना हातात घ्यायच्या आधी वहीत सही करायची. पाच कॉलम असतात. वेळ, काय उघडतोय, कोण उघडतोय, मागचं बंद केलं का, आणि सही. मागचं म्हणजे मागचा व्हॉल्व्ह. तो बंद न करता पुढचं उघडलं तर काय होतं ते मामाने एकदा पाहिलंय. त्याच्यासोबतच्या माणसाची तीन बोटं गेली. तेव्हापासून चौथ्या कॉलमात टिक नसली तर मामा कोणाला पान्याला हात लावू देत नाही, मग समोर मोठे साहेब असले तरी.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मामाला जरा बरं वाटलं, तशी त्याने माझ्याकडून खिशातली छोटी वही मागवली. झोपल्या झोपल्या कॉलम आखले. आणि जो कोणी त्या नळीला हात लावायला येईल त्याला म्हणायचा, माझी लाइन उघडायची तर आधी सही. मोठ्या सिस्टरने पहिल्यांदा डोक्याला हात लावला. मग म्हणाल्या, आणा इकडे. मामा विचारायचा, मागचं बंद केलं का? त्या नळीवरची चिमट्यासारखी क्लिप दाबून दाखवायच्या आणि टिक करायच्या. मामी तिथेच बसून म्हणायची, "घरातला नळ सहा महिने गळतोय, त्याच्यासाठी कोणाची सही घ्यायची ते पण सांगा." वॉर्डात सगळे हसायचे. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा तर औषधाची वेळ झाली की मान वळवून बघत बसायचे, आज कोण सही करतंय ते.

सलाइन लावताना नळीत बारीक बुडबुडा दिसला तरी मामा म्हणायचा, एअर धरेल हां सिस्टर. पंपाच्या कामात असंच म्हणतात. पाइपात हवा शिरून अडकली की पंपाने एअर धरली, पाणी चढत नाही. सिस्टर सांगायच्या की एवढ्याशा बुडबुड्याने काही होत नाही, आणि ते खरंच आहे, मी वाचलंय. तरी नळीला टिचकी मारून तो वर घालवायच्या. नऊ दिवसांत मामाने "एअर धरेल" किती वेळा म्हटलं असेल, मी मोजलं नाही. तो वॉर्डातला जोकच झाला होता. हे नीट लिहा, कारण पुढे लागणार आहे.

बुधवारी सकाळी साडेदहाला मोठे डॉक्टर राउंडला आले आणि म्हणाले, आज घरी जायचं. मामी कपडे आणि रिक्षा आणायला गेली. दहा पन्नासला वॉर्डातल्या माणसांनी मामाला खाटेवरून उठवून भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलं, कारण त्याची सहा नंबरची खाट दुसऱ्या पेशंटला द्यायची होती. अकरा पाचला त्या खाटेवर पाय मोडलेल्या एक बाई आल्या. मी स्वतः त्यांच्या मुलीला उशी उचलून दिली. वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये त्यांची वेळ लिहिलेली आहे, ते रजिस्टर आजच्या आज बघा. कारण हॉस्पिटलच्या कागदावर म्हणतात की सव्वाअकराला माझा मामा सहा नंबरच्या खाटेवर आडवा होता. मग त्या बाई कुठे होत्या? मामाच्या अंगावर?

त्यांच्या कागदाला चेकलिस्ट म्हणतात. पेशंट आडवा ठेवला, टिक. श्वास रोखायला सांगितला, टिक. दहा मिनिटं दाबून धरलं, टिक. हवा जाणार नाही अशी पट्टी लावली, टिक. अर्धा तास झोपवून ठेवलं, टिक. मी तो कागद अकराच्या सुमाराला काउंटरवर पाहिला. तेव्हाच सगळ्या टिका मारलेल्या होत्या, आणि नळी मामाच्या मानेतच होती. मला वाटलं, हा कालचा कुठला तरी कागद असेल.

अकरा पस्तीसच्या आसपास चष्मेवाले डॉक्टर आले. ज्युनिअर आहेत, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. रात्रपाळी करून तसेच थांबले होते, डोळे लाल होते. ते मला आधी आवडायचे, कारण मी काहीही विचारलं तरी सांगायचे. त्यांच्यासोबत मोठ्या सिस्टर होत्या. डॉक्टर म्हणाले, चला मास्तर, तुमची लाइन काढून टाकू. मामाने मांडीवरची वही पुढे केली. डॉक्टरांनी हसत सही केली. सही तिरकी आहे, कारण वही मामाच्या गुडघ्यावर होती. वेळ मामाने घातली, अकरा चाळीस. काय उघडतोय, तर "मानेची नळी काढणे". कोण, तर डॉक्टर. चौथा कॉलम मोकळा राहिला.

मोकळा का राहिला, तर मामाने विचारलं, मागचं बंद कसं करणार? नळीला क्लिप आहे, पण नळीच काढली की भोक उघडं. सिस्टर म्हणाल्या, "सर, आधी त्यांना आडवं करू या." डॉक्टर म्हणाले, "खाट कुठाय सिस्टर? दोन सेकंदांचं काम आहे. तुम्ही टेप घेऊन या." सिस्टर एक क्षण उभ्या राहिल्या आणि टेप आणायला गेल्या.

मामा म्हणाला, "डॉक्टर, मी बसलोय. एअर धरेल."

डॉक्टर हसले. पलीकडचे आजोबा हसले. मीही हसले. मी म्हटलं, "मामा, तू बोअरवेलचा पंप नाहीयेस." त्यावर मामाही हसला. हसून झालं की माणूस श्वास आत घेतो. तेवढ्यात डॉक्टरांनी नळी ओढली.

एवढंच लिहा. त्यात आणखी काही घालू नका.

आवाज आला. स्ट्रॉने ग्लासातलं शेवटचं पितो तसा, पण छोटा. मी तो आवाज ओळखते, स्टेशनवर लहानपणापासून ऐकलाय. काका, हे तुम्हाला कंटाळवाणं वाटेल, पण प्लीज हे लिहून घ्या. पंपाला दोन बाजू असतात. पाणी ढकलतो ती बाजू आणि पाणी ओढतो ती बाजू. ढकलायच्या बाजूला भोक पडलं तर पाणी बाहेर उडतं, सगळ्यांना दिसतं. ओढायच्या बाजूला भोक पडलं तर काहीच बाहेर येत नाही, हवा आत जाते. माणूस बसलेला असताना मानेतली ती शीर ओढायच्या बाजूची असते, कारण ती हृदयाच्या वर येते आणि प्रत्येक श्वासाला छाती ओढते. म्हणून आधी आडवं करायचं, श्वास रोखायला सांगायचा, भोक घट्ट दाबून धरायचं. हे मी नाही ठरवलं, त्यांच्याच चेकलिस्टमध्ये आहे. मामाने ते कुठे वाचलं नव्हतं. त्याला फक्त पंप माहीत आहेत.

मामा खोकला. "अगं," म्हणाला, आणि पुढे शब्द नाही. डोळे दोन्ही एका बाजूला गेले आणि तिथेच राहिले. उजवा हात मांडीवरून घसरला, वही खाली पडली. डॉक्टरांच्या हातात नळी होती आणि ते नळीच्या टोकाकडे बघत होते, तुटली तर नाही ना म्हणून. मानेवर काहीच नव्हतं. पट्टी नाही, बोळा नाही, बोट नाही. तेव्हा मी हात लावला. उजव्या हाताचा अंगठा त्या भोकावर दाबून धरला. माझ्या कुर्त्याच्या बाहीवर जे रक्त आहे ते तेव्हाचं आहे. कुर्ता धुतलेला नाही, पिशवीत आणलाय, तो पण घ्या. मॅनेजर विचारत होते, रक्त तुझ्या बाहीवर कसं. असं.

पट्टी उचकटायला आधी पट्टी लागते ना?

सिस्टर टेप घेऊन धावत आल्या. त्यांनी आणि मी मामाला फरशीवर घेतलं, डाव्या कुशीवर वळवलं, सिस्टरनी ऑक्सिजन लावला. मी अंगठा काढला नाही. सिस्टर म्हणाल्या, सर, हवा गेलीय. डॉक्टर म्हणाले, तुम्ही डायग्नोसिस करू नका, स्ट्रोक आहे, बीपीचा पेशंट आहे. मामाला बीपी नाही. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांना आहे. फाइल चुकीची उघडली होती.

एक वाजता डोक्याचा स्कॅन झाला. स्कॅन करणाऱ्या वयस्कर डॉक्टरीण बाईंनी मला स्क्रीन दाखवली. मेंदूच्या डाव्या बाजूला बारीक काळे ठिपके होते. त्या म्हणाल्या, हे काळं म्हणजे हवा. मी विचारलं, मानेतून मेंदूत कशी? शिरेतली हवा तर हृदयाकडे जाईल. त्या म्हणाल्या, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्माआधी एक झडप उघडी असते, ती काही जणांची पूर्ण बंद होतच नाही. चौघांत एकाची. त्याचा आयुष्यभर काही त्रास नसतो, कळतही नाही. तिथून हवा पलीकडे गेली आणि वर चढली. मामाच्या आत एक व्हॉल्व्ह चौपन्न वर्षं उघडा होता आणि ते मामालाच माहीत नव्हतं. ऐकलं असतं तर त्याला हे फार आवडलं असतं.

अशा पेशंटला प्रेशरच्या टाकीत ठेवून ऑक्सिजन देतात. प्रेशरने बुडबुडे लहान होतात आणि विरघळतात. जितकं लवकर तितकं चांगलं. ती टाकी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये आहे, गाडीने पंचवीस मिनिटं. आम्ही तिथे पोचलो संध्याकाळी पाच वाजता. एक ते पाच काय झालं, ते विचारा. पाठवायच्या कागदावर चष्मेवाल्या डॉक्टरांनी "स्ट्रोक" लिहिलं होतं. टाकीवाले फोनवर म्हणाले, स्ट्रोकसाठी टाकी नसते. स्कॅनच्या बाईंनी स्वतः तीनदा फोन केले तेव्हा घेतलं. एका शब्दाचे चार तास झाले. कागदावरचा शब्द बदलायला हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांची परवानगी लागते, असं मला काउंटरवर सांगितलं. मामाला खाटेवरून उठवायला कोणाची लागली होती, विचारा त्यांना.

टाकीला जाड काचेची गोल खिडकी आहे आणि बाहेर प्रेशरचा काटा. मामी खिडकीशी उभी राहिली, मी काट्याशी. मामाच्या वतीने कोणीतरी काटा बघायला हवा होता. मामी म्हणाली, "जन्मभर टाकी बाहेरून ठोकत बसला, आता आत काय आहे ते बघून येईल." ती हसली नाही.

आता मामाची तब्येत. जिवंत आहे. उजवा पाय थोडा हलतो, उजवा हात नाही. समजतं सगळं. बोलायला एकच शब्द येतो, बंद. पाणी हवं असलं तरी बंद, मामी दिसली तरी बंद, मी आले तरी बंद. टाकीच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीण बाई म्हणतात, सहा महिने वाट बघा, बरंच परत येतं. तोपर्यंत तो तुम्हाला काही सांगू शकणार नाही, सही करू शकणार नाही. म्हणून हॉस्पिटलला वाटतंय की बोलणारं आता कोणी नाही. एक मी आहे, आणि मला त्यांनी आरोपी केलंय.

शुक्रवारी मॅनेजरने मामीला फोन केला, पेशंटची एक वही आमच्या वॉर्डातली आहे, ती जमा करा. मामी त्यांना म्हणाली, तुमच्या वॉर्डातलं आमच्याकडे एकच आहे, ते टाकीत झोपवलंय. आणि फोन ठेवला. तेव्हा मला कळलं की त्यांनाही ती सही आठवली आहे.

मोठ्या सिस्टरबद्दल. त्या चेकलिस्टखाली त्यांची सही आहे. त्यांना विचाराल तर कृपा करून मॅनेजरसमोर विचारू नका. त्या वॉर्डात सकाळी सगळ्यांच्या चेकलिस्ट एकदम भरून ठेवतात, दुपारी वेळ मिळत नाही म्हणून. तिथली पद्धतच तशी आहे. माझ्या मामाच्या स्टेशनवर काम करायच्या आधी सही करतात, म्हणजे कोण जबाबदार ते आधी ठरतं. त्यांच्या वॉर्डात काम करायच्या आधी टिक करतात, म्हणजे काम झालं असं आधीच ठरतं. दोन्हीकडे पेन आधी चालतं, मला तीन दिवस त्याच्यावरून झोप नाही.

वही मी आता तुमच्याकडे देते आहे. सत्तावीस पानं, त्यातली नऊ भरलेली. देताना मी म्हटलं की ताब्यात घ्यायच्या आधी तुम्ही पण त्यात सही करा. तुम्ही म्हणालात, बाळ, त्यासाठी आमचा पंचनामा असतो. तरी तुम्ही केलीत, डॉक्टरांच्या सहीच्या खालच्या ओळीत. थँक यू. चौथ्या कॉलमपाशी तुम्ही थांबलात आणि विचारलंत, इथे काय लिहू. तुम्ही झेरॉक्स काढून घेतलीत, ती माझ्याकडे ठेवलीत, म्हणजे मागचं बंद झालं, आणि मग टिक केलीत.

हा जबाब तुम्ही मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच आहे, शुद्ध केलेला नाही, फक्त एक जागा सोडून. दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय, "पेशंट थट्टेने म्हणाले की एअर धरेल." मी "थट्टेने" असं म्हटलं नव्हतं. तो शब्द तुमचा आहे. तुम्ही म्हणालात, अगं, सगळे हसले असं तूच सांगितलंस. हो, सांगितलं. सगळे हसले. मी सगळ्यांत जोरात हसले. पण तो शब्द खोडा आणि बाजूला माझी सही घ्या, मग मी खाली सही करते. आठवडाभर प्रत्येकाला मागचं बंद केलं का विचारणारा माणूस त्या एका वेळी थट्टा करत होता, असं तुम्हाला खरंच वाटतं का, काका?